आभाळातून उतरलेले पत्र : सार्वजनिक संशोधन आणि सीमाभागातील समाज

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ मादन हिप्परगा हे गाव वसले आहे. तालुक्याच्या एका अंगाला अक्कलकोट व उमरगा, तर दुसऱ्या अंगाला बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण आणि हुमनाबाद. कन्नड, मराठी आणि दखनी या तिन्ही बोली या परिसराच्या बाजारात एकाच वेळी कानी पडतात. राज्ये बदलली, जिल्ह्यांची नावे बदलली, सीमारेषा आखल्या गेल्या. परंतु काळी जमीन, तूर आणि ज्वारी यांचे राज्य अबाधित राहिले. अशा प्रदेशाचा इतिहास लिहिताना मठ, दर्गे, गढ्या, लढे आणि चळवळी यांची नोंद होते. ती व्हावयासच हवी. परंतु आधुनिक विज्ञानाचा आणि या शिवाराचा काही संबंध आहे काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः हा संबंध शतकाहून जुना आहे. शास्त्रज्ञांनी या प्रदेशाच्या पैशावर आणि काही वेळा प्रत्यक्ष त्याच्या भूमीवर संशोधन केले. त्या संशोधनाचे मोल येथील माणसाला कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत सांगितले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

संशोधन हे खर्चाचे काम आहे. पूर्वी हा खर्च राजे आणि अमीर-उमराव करीत. आज तो शासन करते, म्हणजेच जनता करते. शेतमजूर आयकर भरीत नसेल. पण बाजारातून घेतलेल्या साबणाच्या वडीवर आणि चपलेच्या जोडावर तो कर देतच असतो. त्या करातला लहानसा अंश दुर्बिणींकडे आणि प्रयोगशाळांकडे जातो. तेव्हा या कामाचा हिशेब विचारण्याचा त्याला अधिकार आहे आणि तो देणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे. हे तत्त्व आज सर्वमान्य झाले असले, तरी ते आचरणात उतरण्याचा मार्ग लांबचा होता.

त्या मार्गाचा आरंभ निजामाच्या राजवटीत सापडतो. १९०१ साली नवाब जफर जंग या उमरावाने हैदराबादेत एक वेधशाळा उभारली. १९०८ मध्ये ती संस्थानच्या सरकारने ताब्यात घेतली आणि निजामिया वेधशाळा या नावाने ती ओळखली जाऊ लागली. जगातील अनेक वेधशाळांनी मिळून संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेण्याचा आणि ताऱ्यांची सूची करण्याचा प्रचंड उद्योग त्या काळात हाती घेतला होता. आकाशाचे काही पट्टे हैदराबादच्या वाट्याला आले. तेथील निरीक्षकांनी वर्षानुवर्षे रात्री जागून सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजली. जागतिक विज्ञानाला हैदराबाद संस्थानने दिलेले हे योगदान निःसंशय मोठे होते.

परंतु या ताऱ्यांची मोजणी चालू असताना गुलबर्गा आणि बीदर हे जिल्हे त्याच संस्थानात होते. सरकारी खजिन्यात येणाऱ्या महसुलात येथील शेतसाऱ्याचाही वाटा होता. ज्याच्या साऱ्यातून वेधशाळा चालली, त्या रयतेला ती कशासाठी आहे हे सांगण्याची कोणास आवश्यकता वाटली नाही. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. विज्ञानाचे ग्रंथ भाषांतरित करण्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभागही तेथे निर्माण करण्यात आला. मात्र ती देशी भाषा उर्दू होती. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. ज्ञान इंग्रजीतून सुटले, तरी रयतेच्या भाषेपर्यंत पोचले नाही. मराठी ग्रंथालये आणि वाचनालये या काळात संस्थानात का निघाली, याचे एक कारण येथे सापडते. शाळा जी भाषा देत नव्हती, ती वाचनालयाने दिली. हैदराबाद शहरातील मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ सालचे आहे, हा योगायोग मानता येणार नाही.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा आणि बीदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. स्वतंत्र भारतात संशोधनाचा खर्च लोकनियुक्त सरकार करू लागले. या पर्वात सीमाभागात विज्ञान दोन वाटांनी आले. एक वाट जमिनीतून आली, दुसरी आभाळातून.

जमिनीतून आलेली वाट तुरीची होय. या भागाची तूर सर्वदूर प्रसिद्ध असून २०१९ साली गुलबर्गा तूरडाळीस भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु याच पिकाला मर रोगाने अनेक पिढ्या ग्रासले होते. झाड फुलोऱ्यावर वा शेंगांवर येते आणि ऐन वेळी वाळू लागते. खोडावर बुंध्यापासून वर जांभळट पट्टा दिसतो; खोड चिरले असता आतील भाग काळपट झालेला आढळतो. ई. जे. बटलर या शास्त्रज्ञाने बिहारमधील पुसा येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या रोगाचा अभ्यास करून त्यामागील बुरशी शोधली होती. ही बुरशी मातीत आणि जुन्या धसकटांत वर्षानुवर्षे तग धरते. त्यामुळे फवारणीने ती आटोक्यात येत नाही. रोगाला बळी न पडणारे बियाणे हाच तिच्यावरचा खरा उपाय होता.

१९७२ साली हैदराबादजवळ पटणचेरू येथे कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, म्हणजे इक्रिसॅट, स्थापन झाली. अनेक देशांच्या सार्वजनिक निधीवर ती चालते. तेथे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांच्या नेतृत्वाखाली कडधान्यांच्या रोगांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. रोगाचे शेत मुद्दाम तयार करण्यात आले. रोगट धसकटे मातीत मिसळून सगळी जमीन बुरशीने भरून टाकावयाची, मग तीत शेकडो वाण पेरावयाचे आणि जी झाडे जगतील तीच पुढे न्यावयाची, अशी ही पद्धत. शेतकरी ज्या जमिनीला टाळतो, तीच शास्त्रज्ञाची कसोटी ठरली. या निवडीतून आय. सी. पी. ८८६३ हा वाण पुढे आला. कर्नाटकात १९८६ साली तो 'मारुती' या नावाने प्रसारित झाला. पुष्कळ गावांच्या वेशीवर ज्याचे देऊळ असते, त्याचे नाव बियाण्याला देण्यात औचित्य होते. आकड्यांपेक्षा ते नाव लक्षात राहिले.

या बियाण्याचे मोल समजावून सांगण्यासाठी मोठ्या व्याख्यानांची गरज पडली नाही. शेजाऱ्याच्या शेतातील तूर वाळली आणि मारुती हिरवा राहिला, एवढा पुरावा बांधावर उभे राहून पाहता येत होता. शिवाय हा संकरित वाण नव्हता. घरचे बी राखून पुढील वर्षी पेरता येत असे, सोयऱ्याला पायलीभर देता येत असे. १९९६ साली इक्रिसॅटने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९२-९३ पर्यंत उत्तर कर्नाटकातील तुरीच्या सुमारे ६० टक्के क्षेत्रावर हा वाण पसरला होता आणि या संशोधनावर व प्रसारावर झालेल्या खर्चाचा परतावा सालीना सुमारे ६५ टक्के होता. कोणत्याही सावकाराने हेवा करावा असा हा व्यवहार आहे. त्याचा लाभ मात्र एका पेढीला न होता हजारो खळ्यांत वाटला गेला. सार्वजनिक संशोधनाचे मोल काय, याचे इतके रोकडे उत्तर क्वचितच मिळते.

तथापि या यशामुळे एक गैरसमजही दृढ होतो. ज्याचे फळ खळ्यावर मोजता येते तेच खरे संशोधन, बाकीचे सारे शास्त्रज्ञांचे छंद, अशी समजूत होते. आभाळातून आलेली दुसरी वाट या समजुतीची परीक्षा पाहणारी आहे.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९४५ साली स्थापन झाली. विश्वकिरण हा भाभांच्या अभ्यासाचा विषय होता. अंतराळातून अखंड येणारे हे कण वातावरणात शिरताच आदळून फुटतात. त्यांचे मूळ रूप पाहावयाचे तर उपकरणे वातावरणाच्या वर न्यावी लागतात. त्यासाठी फुगे वापरण्यात येऊ लागले. हैदराबादेतून अशी उड्डाणे १९५९ पासून होऊ लागली आणि १९६९ मध्ये तेथे संस्थेचे कायमचे बलून केंद्र उभे राहिले. हैदराबादच का, याचे उत्तर पृथ्वीच्या चुंबकत्वात आहे. चुंबकीय विषुववृत्ताजवळ पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते. त्यामुळे तेथे उपकरणांना होणारा उपद्रव कमी होतो आणि क्षीण किरणांची नोंद अधिक स्वच्छ घेता येते. दख्खनच्या भूमीचे हे एक निसर्गदत्त भाग्यच म्हणावे लागेल.

हे फुगे जत्रेतल्या फुग्यांसारखे नसतात. कागदाहूनही पातळ अशा पॉलिथिनचे, हायड्रोजनने भरलेले आणि वर गेल्यावर पन्नास मीटरहून अधिक व्यासाचे होणारे हे फुगे तीस ते चाळीस किलोमीटर उंची गाठतात. प्रवासी विमाने ज्या उंचीवरून जातात, तिच्या हे तिप्पट-चौपट होय. काम आटोपल्यावर उपकरणे फुग्यापासून वेगळी केली जातात आणि हवाई छत्रीच्या आधाराने खाली येतात. वारा नेईल तिकडे ती उतरतात. आणि वाऱ्याला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. तेलंगणा, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातील अनेक जिल्हे या उतरण्याच्या टापूत येतात. बीदर आणि कलबुर्गी, तसेच पलीकडचे लातूर आणि सोलापूर, हे त्यांपैकीच. हैदराबादचे आभाळातले संशोधन अशा रीतीने सीमाभागाच्या शिवारात येऊन पोचते.

या प्रयोगांतून काय साधले? १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या फुग्यांनी क्ष-किरण खगोलशास्त्राची उपकरणे वर नेली. त्या अनुभवातून भारतीय शास्त्रज्ञांची एक पिढी घडली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' या भारताच्या खगोलीय उपग्रहाची पूर्वतयारी त्यातून झाली. एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण याच फुग्यांनी उचलून नेली. २० एप्रिल २००५ रोजीचे उड्डाण तर विशेष उल्लेखनीय आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखालील प्रयोगात वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत गोळा करण्यात आले. हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांनी त्यांची तपासणी केली. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. त्यांपैकी एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे, दुसरीला इस्रोचे आणि तिसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे सिद्ध झालेले नाही आणि शास्त्रज्ञांनी २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना तसे स्पष्ट सांगितले, हेही महत्त्वाचे आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे हा विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचा भाग असतो.

आता हेच चित्र गावाच्या बाजूने पाहावे. १८ जानेवारी २०२५ रोजी सकाळी बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी गावात असाच एक प्रचंड फुगा उपकरणांसह एका घरावर येऊन पडला. गाव घाबरले, गर्दी जमली, तर्कवितर्क झाले. फुग्याबरोबर कन्नड भाषेतील पत्र होते, त्यामुळे तो हैदराबादच्या बलून केंद्राचा असल्याचे समजले. उड्डाणांच्या हंगामापूर्वी संस्था वृत्तपत्रांतून निवेदनही देत असते. उपकरणांना हात लावू नये, काहींत उच्च दाबाची वीज असू शकते, जवळच्या पोलीस ठाण्यात वा टपाल कार्यालयात कळवावे, कळविणाऱ्यास योग्य बक्षीस व खर्च देण्यात येईल, असा त्याचा आशय असतो. संस्थेचे पथक येऊन साहित्य परत नेते.

या व्यवस्थेत सौजन्य आहे, सावधगिरी आहे, आणि पत्र लोकभाषेत आहे ही तर कौतुकाचीच गोष्ट. परंतु असे निवेदन माणसाला मुख्यतः काय करू नये, ते सांगते. जे घराच्या छपरावर पडले ते कशासाठी वर गेले होते आणि त्याच्याशी आपले नाते काय, हे त्यातून उमगत नाही. तुरीचे बी स्वतःच बोलत होते. फुग्याला वाचा नाही. ज्या संशोधनाचे फळ डोळ्यांना दिसत नाही, त्याला शब्दांची गरज अधिक असते, हा या दोन वाटांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय. शब्द नसले की भीती तरी उरते, नाही तर उपेक्षा.

जलसंगीचा आणखी एक विशेष येथे आठवतो. या गावच्या चालुक्यकालीन मंदिरावर एका लिहिणाऱ्या स्त्रीचे सुंदर शिल्प आहे. सहावा विक्रमादित्य या चालुक्य सम्राटाची स्तुती ती संस्कृतात कोरीत आहे. राजाश्रयाच्या काळात लेखन राजासाठी आणि पंडितांच्या भाषेत होत असे. नऊशे वर्षांनंतर त्याच गावात आभाळातून उतरलेले पत्र लोकांसाठी आणि लोकांच्या भाषेत होते. या दोहोंमधील अंतर म्हणजेच लोकशाहीने चाललेली वाट आहे. मात्र ते पत्र अजून अपुरे आहे. ते पुरे करणे हे पुढचे काम होय.

ते कसे करता येईल, याचे उदाहरण महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पाहावयास मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच डॉ. गोविंद स्वरूप यांनी तेथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण जगभरातील शास्त्रज्ञ वापरतात. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या वावरांमध्ये या तबकड्या उभ्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास तेथे विज्ञानमेळावा भरत आला आहे. परिसरातील शाळांची मुले स्वतः केलेले प्रयोग घेऊन येतात, हजारो ग्रामस्थ दुर्बीण पाहतात आणि शास्त्रज्ञ मराठीतून प्रश्नांची उत्तरे देतात. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे रेडिओसंकेत इतके क्षीण असतात की जवळच्या यंत्राची ठिणगीही त्यांना झाकून टाकते. म्हणून या परिसरात उद्योगांवर बंधने आहेत. ही बंधने का, हे अशा मेळाव्यांतून पुष्कळांना उमजते.

परंतु वर्षातून एखादा मेळावा सर्वच प्रश्न सोडवितो असेही नाही. या दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची नियोजित आखणी बदलावी लागेल, असे २०२४ च्या अखेरीस सांगण्यात आले, तेव्हा परिसरात तीव्र नाराजी उमटली. रेल्वे ही दशकांची आकांक्षा. आणि तिच्या आड एक दुर्बीण यावी, हे तेथील माणसाला सलले. यात शास्त्रज्ञांचेही चुकत नव्हते आणि गावकऱ्यांचेही. संशोधन सर्व जगाचे असले तरी त्यासाठी करावा लागणारा त्याग काही गावांच्याच वाट्याला येतो. अशा वेळी विज्ञानाचे महत्त्व पटवून देणे पुरेसे होत नाही. गावाचे म्हणणे ऐकून घेणे आणि झालेल्या हानीची भरपाई शोधणे हेही त्या संवादाचेच अंग असते. केवळ सांगण्याला संवाद म्हणत नाहीत.

सीमाभागाला हा विचार लवकरच अधिक जवळचा वाटणार आहे. मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे हे यंत्र अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म अशी थरथर टिपणार आहे. ज्या मराठवाड्याने वर्षानुवर्षे पाण्यासाठी वणवण केली, त्याने दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीसाठी एवढा खर्च का मानावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाच्या सुरात देता येणार नाही. ते सोप्या भाषेत, वारंवार आणि समोरासमोर द्यावे लागेल.

या बाबतीत डॉ. नारळीकर यांचा वस्तुपाठ समोर आहे. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये कीर्ती मिळविलेल्या या शास्त्रज्ञाने पुण्यात आयुका ही संस्था १९८८ साली स्थापन केली. परंतु आयुष्यभर मराठीतून विज्ञानकथा आणि लेख लिहिण्यात कमीपणा मानला नाही. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तरासह स्वाक्षरी धाडीत. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तो विज्ञानाचा मराठी सारस्वताने केलेला सन्मान होता. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. ज्यांच्या प्रयोगाचा फुगा हैदराबादच्या आभाळात गेला, त्यांचीच पुस्तके सीमाभागातील वाचकाच्या हाती आली, हे भाग्य थोड्या प्रदेशांना लाभते.

ज्ञान लोकभाषेत आणण्याचा वारसा या भूमीला नवा नाही. बसवकल्याणच्या परिसरात शरणांनी तत्त्वज्ञान कन्नड वचनांतून सांगितले. गोदावरीच्या काठी महानुभावांनी आणि ज्ञानदेवांनी तेच मराठीतून केले. पंडितांची कोठारे त्यांनी सामान्यांसाठी उघडली. आधुनिक विज्ञानाची कोठारे उघडण्यास शास्त्रज्ञांइतकाच मध्यस्थांचा हातभार लागेल. शाळेतील शिक्षक, कृषी विज्ञान केंद्रातील अधिकारी, वार्ताहर आणि ग्रंथपाल हे असे मध्यस्थ आहेत. सीमाभागात तर एकाच गावाला कन्नडमधून आणि मराठीतून सांगावे लागते. कोणत्याही एका राज्याच्या योजनेत ते सहसा बसत नाही. ग्रंथालय मात्र दोन्ही भाषांची पुस्तके एकाच कपाटात ठेवू शकते.

शंभर वर्षांपूर्वी निजामाच्या वेधशाळेत ताऱ्यांची मोजणी चालू असताना त्या कार्याची वार्ता या शिवारापर्यंत पोचली नाही. त्याच काळात मराठी ग्रंथालयांचे दिवे या भागात लागू लागले होते. उद्या पुन्हा एखादा फुगा बीदर-कलबुर्गीच्या रानात उतरेल, तेव्हा त्याच्याभोवती जमलेल्या गर्दीत एखादी शाळकरी मुलगी असावी आणि हा कशासाठी वर गेला होता, हे तिने मोठ्यांना कन्नडमध्ये आणि मराठीत समजावून सांगावे. तेवढे झाले, तरी सार्वजनिक पैशाचा हिशेब पुष्कळसा चुकता झाला असे म्हणता येईल. आणि त्या मुलीच्या हाती ते पुस्तक देणाऱ्या ग्रंथालयाचे शतकही सार्थकी लागेल.